कुंभथॉनच्या मागे काय होतं?

२७ ऑगस्ट २००३. नाशिकच्या सिंहस्थातलं शाही स्नान. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकात गर्दी तुंबली आणि चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. मागून येणाऱ्याला पुढे काय झालंय ते दिसत नाही. तो रेटतच राहतो. नाशिककरांच्या मनातून तो दिवस गेलेला नाही.

२०१४ च्या सुरुवातीला ‘कुंभथॉन’ हे शिबिर भरलं, तेव्हा पुढचा सिंहस्थ दीड वर्षावर होता. पुढाकार होता अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर यांचा, जे मूळचे नाशिकचेच. विद्यार्थी, इंजिनिअर, डॉक्टर, उद्योजक, शहराचा कारभार पाहणारे असे एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे लोक दिवसचे दिवस एकत्र बसले. गर्दी, जेवण, राहण्याची सोय, साथीचे आजार, जे जे अडतं ते समोर मांडायचं आणि तिथल्या तिथे काहीतरी जोडून बघायचं. अशी शिबिरं सिंहस्थापर्यंत पुन्हा पुन्हा झाली.

या पद्धतीला आज डिझाइन थिंकिंग म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने २००५ नंतर ती जगभर नेली, कल्पना लिहून भिंतीवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्यांसकट. पण मला तिचं खरं मूळ दिसतं ते स्कँडिनेव्हियातल्या कामगार चळवळीत. १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या धातू कामगारांनी धरलेला आग्रह साधा होता: कारखान्यात संगणक येणार असेल, तर तो कसा असावा हे आम्हालाही विचारा. १९८१ मध्ये ‘युटोपिया’ प्रकल्प सुरू झाला. त्यात वर्तमानपत्राची पानं लावणारे कामगार आणि संशोधक शेजारी शेजारी बसले. हवी ती यंत्रं हाताशी नव्हती, मग प्लायवूड आणि पुठ्ठ्याचीच केली. एक रिकामं खोकं, त्यावर लिहिलेलं ‘लेझर प्रिंटर’. त्या खोक्यापुढे उभा राहिलेला कामगार मात्र नेमकं सांगू शकत होता की हात कुठे पोचत नाही, काम कुठे अडतं. मला हे फार मोलाचं वाटतं. पुठ्ठा कुणालाही कापता येतो, त्यामुळे तिथे तज्ज्ञ आणि अडाणी असा भेद उरत नाही.

नाशिकमध्येही तेच झालं. कुंभथॉनमधून पुढे आलेल्या कामांत एका शाळकरी मुलाची चटई होती, ‘आशिओतो’. जपानीत याचा अर्थ पावलांचा आवाज. रस्त्यावर अंथरायची, तिच्यावर पाय पडला की दाब नोंदला जातो आणि किती माणसं पुढे गेली हा आकडा तत्क्षणी कळतो. २०१५ च्या सिंहस्थात तिने १८ तासांत सुमारे ५ लाख माणसं मोजली.

त्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही. याचं श्रेय एकट्या चटईला देणं योग्य नाही. नवे घाट, वळवलेले मार्ग आणि पोलिसांची मेहनत त्यामागे होती. शिबिरांचा धागा मात्र तुटला नाही. टीसीएस फाउंडेशनचं ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र नाशिकमध्येच उभं राहिलं, आणि तिथे तरुण मुलं शहराचे प्रश्न घेऊन बसू लागली.