मल्टिलॅटरल आणि मल्टिस्टेकहोल्डर: बसतात सगळे, ठरवतं कोण?

इंटरनेटच्या धोरणावरच्या बातम्यांत हे दोन शब्द इतक्या बिनधास्त एकमेकांच्या जागी टाकलेले असतात की वाचणाऱ्याला वाटतं एकाच गोष्टीची दोन नावं असतील, आणि मराठीत आल्यावर तर घोळ अजूनच वाढतो. मल्टिलॅटरलचं होतं बहुपक्षीय, आता पक्ष म्हटलं की कंपनी पण एक पक्ष, एखादी संस्था पण पक्ष असंच वाटणार ना, पण इथे पक्ष म्हणजे देश, बाकी कोणी नाही. आणि स्टेकहोल्डरचं सरळ भागधारक करून मोकळे होतात, जो शब्द आपण शेअर घेतलेल्या माणसाला वापरतो! मी आपला स्टेकहोल्डरच म्हणतो, म्हणजे त्या विषयाशी ज्याचा संबंध येतो तो, सरकार असो, कंपनी असो की साधा माणूस.

फरक शोधायला बहुतेक जण खोलीत कोण कोण बसलंय ते बघतात आणि तिथेच फसतात, कारण दोन्हीकडे सरकारी अधिकारी, कंपन्यांचे लोक, एनजीओ, इंजिनिअर, प्राध्यापक सगळे गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरत असतात. बघायचं ते हे की शेवटी मत कोणाचं धरतात.

आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, घ्या. १८६५ साली, तारायंत्राचे संदेश सरहद्दीपलीकडे नीट जावेत म्हणून देशांनी मिळून काढलेली संस्था, आज ती संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे. कंपन्या फी भरून तिच्या सदस्य होतात, टेक्निकल गटांत भरपूर कामही करतात, पण कराराची वेळ आली की मत देशाचं. २०१२ च्या डिसेंबरात दुबईत टेलिकॉमचे जागतिक नियम बदलायला सगळे जमले, ८९ देशांनी सही केली आणि ५५ देशांनी केली नाही, त्यात अमेरिका, ब्रिटन होते, भारतानेही तेव्हा सही केली नव्हती. म्हणजे भांडण झालं तेही देशादेशांतच. ही झाली मल्टिलॅटरल पद्धत.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे मल्टिस्टेकहोल्डरकडे, आयईटीएफ हा इंजिनिअरांचा गट, जिथे इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम, ठरतात. तिथे सदस्यत्वच नाही, कोणीही यावं, देशाच्या नावाने कोणी बसत नाही, आणि मतदान पण नाही कारण सदस्यच नाहीत तर मतं मोजणार कोणाची. मग खोलीचा कल घ्यायचा असेल तर गटप्रमुख विचारतो, हे पटतंय त्यांनी हुं करा, आणि माणसं खरोखर तोंड मिटून गुणगुणतात, मग नाही पटत त्यांनी करा. कुठला आवाज मोठा आला ते ऐकून अंदाज घ्यायचा आणि नंतर ईमेलवर ते पक्कं करायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चेष्टाच वाटली होती. पण आवाज मोठा म्हणून जिंकला असंही नसतं, एकट्याच माणसाने खरी टेक्निकल अडचण दाखवली तर तिचं उत्तर द्यावं लागतं.

आता दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा, इथे खरी गंमत आहे. संयुक्त राष्ट्रांचा सायबरगुन्ह्यांचा करार, त्याच्या वाटाघाटींत एनजीओ आणि कंपन्यांना आत येऊ दिलं होतं, बोलूही दिलं. मानवाधिकार संघटना आणि मोठ्या टेक कंपन्या, एरवी एकमेकांवर खटले भरणारी मंडळी, दोघांनी मिळून सांगितलं की यातून पाळत ठेवायला मोकळं रान मिळेल. तरी २४ डिसेंबर २०२४ ला आमसभेने तो मंजूर केला. त्यांना बोलायला मिळालं, नको म्हणायला नाही मिळालं.

आणि उलट प्रकरण डॉट ॲमेझॉनचं. डोमेन नावांचा, म्हणजे डॉट कॉमसारख्या वेबसाइटच्या पत्त्यांचा, कारभार बघणारी आयकॅन, १९९८ सालची, कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था. तिथे सरकारांची एक समिती आहे, पण सल्लागार समिती. ॲमेझॉन कंपनीने डॉट ॲमेझॉन मागितलं, तर ब्राझील, पेरू वगैरे देश म्हणाले हे आमच्या नदीचं, जंगलाचं नाव आहे, २०१३ ला सरकारांच्या समितीनेही देऊ नका असा सल्ला दिला, २०१४ ला बोर्डाने अर्ज थांबवला सुद्धा. कंपनी स्वतंत्र लवादाकडे गेली, २०१७ ला तिथे जिंकली, आणि २०१९ ला बोर्डाने पुढे जायचं ठरवलं. देश नको म्हणत राहिले आणि नाव कंपनीला मिळालं. म्हणून मल्टिस्टेकहोल्डर म्हणजे आपोआप लोकशाही असं जे कोणी सांगतं ते मला काही पटत नाही, सगळ्यांना दार उघडं असलं तरी सात वर्षं वकील लावून भांडायची ऐपत सगळ्यांची नसते. पण म्हणून मल्टिलॅटरल पद्धत बरी असंही नाही, ज्या देशात सरकारच लोकांचं ऐकत नाही त्या देशाचं मत म्हणजे नेमकं कोणाचं मत?

निर्णय लागू कसा होतो यातही फरक आहे. करार झाला की देशाने त्याला मान्यता द्यायची आणि आपले कायदे तसे बदलायचे, त्या सायबरगुन्ह्यांच्या कराराला लागू व्हायला ४० देशांची मान्यता लागते. आयकॅनचं बंधन येतं डोमेन विकणाऱ्यांशी केलेल्या काँट्रॅक्टमधून. आयईटीएफकडे तर तेही नाही, प्रोटोकॉल चांगला असेल तर लोक वापरतात, नसेल तर तो कागदावरच राहतो.

एवढं सगळं असून गोंधळ का राहतो, तर २००५ ला ट्युनिसच्या शिखर परिषदेत इंटरनेटच्या कारभाराची जी व्याख्या झाली त्यातच सरकारं, खाजगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी "आपापल्या भूमिकेत" काम करावं असं लिहिलंय. आता आपापली भूमिका कुठली, तर सरकारं म्हणतात धोरण ठरवणं आमची, आणि त्याच कागदात सार्वजनिक धोरण हा देशांचा सार्वभौम हक्क आहे असंही वाक्य आहे, बाकीचे म्हणतात मग आम्हाला बोलावलं कशाला. त्याच परिषदेतून निघाला इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, २००६ ला अथेन्समध्ये पहिला भरला. बोलावणार संयुक्त राष्ट्रं, येणार कोणीही, बोलणार सगळे बरोबरीने, आणि मत कोणाचं धरतात ते बघायला गेलात तर कोणाचंच नाही, कारण तिथे बंधनकारक असं काही ठरवायचंच नसतं.