लोकसभेचा अपक्ष आणि राज्यसभेचा अपक्ष: दोघांना एका रांगेत बसवू नका

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ आणि विजय मल्ल्या ही नावं विमानधंद्यामुळे जोडीनं घेतली जातात. गोपीनाथांनी २००३ साली एअर डेक्कन सुरू केली, २००७ मध्ये मल्ल्यांच्या समूहानं तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि पुढे ती किंगफिशरमध्ये विरून गेली. राजकारणाचा विषय निघाला की दोघांना पुन्हा एकत्र मोजलं जातं: दोघे उद्योजक, दोघे कर्नाटकातून अपक्ष. मला हे अजिबात पटत नाही.

गोपीनाथ खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले, १९७१च्या युद्धात उतरलेले अधिकारी. तरुणपणीच सैन्य सोडून त्यांनी हासन जिल्ह्यात शेती केली, रेशीम पिकवलं, मग हेलिकॉप्टर सेवा आणि त्यानंतर स्वस्त विमानप्रवास. २००९ मध्ये ते बंगळूर दक्षिणमधून लोकसभेला अपक्ष म्हणून उभे राहिले.

अशा उमेदवारापुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते बघा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात (सूचक म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार). चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. मतदानाला तेव्हा साधारण दोन आठवडे उरलेले असतात आणि तेवढ्यात ते चिन्ह लाखो लोकांच्या डोक्यात बसवायचं. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे आणि अपक्ष सगळ्यांत खाली. एका यंत्रावर सोळाच बटणं, त्यामुळे उमेदवार वाढले की अपक्षाचं नाव शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर जातं. बूथवर बसायला हक्काचे कार्यकर्ते नसतात ते वेगळंच. खर्चाला कायद्याची मर्यादा, आणि एकूण वैध मतांपैकी एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त.

गोपीनाथांची ती जप्त झाली. भाजपचे अनंतकुमार चार लाखांहून अधिक मतं घेऊन निवडून आले. पुढे जानेवारी २०१४ मध्ये गोपीनाथ आम आदमी पक्षात गेले आणि त्याच मे महिन्यात बाहेर पडले.

आता मल्ल्या. ते राज्यसभेवर गेले, २००२ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये. राज्यसभेसाठी मत देतात ते निवडून आलेले आमदार. कर्नाटक विधानसभेत असे आमदार २२४. २०१० मध्ये जागा चार होत्या, म्हणजे जिंकायला पहिल्या पसंतीची ४५ मतं पुरेशी. त्यांना पाठिंबा देणाऱ्या धर्मनिरपेक्ष जनता दलाचं संख्याबळ त्याहून कमी होतं, उरलेला आधार भाजपच्या शिल्लक मतांचा मिळाला. इथे सभा नाही, दारोदार फिरणं नाही, खर्चाची मर्यादाही नाही. अर्जावर सूचक म्हणून सह्या करायच्या त्यासुद्धा आमदारांनीच. शिवाय २००३ पासून हे मतदान खुलं आहे, पक्षाच्या आमदाराला भरलेली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. त्यामुळे पक्षनेतृत्वानं शब्द दिल्याशिवाय राज्यसभेचा अपक्ष निवडून येणं फार अवघड.

हा शब्द किती मोलाचा असतो ते आपण महाराष्ट्रात २०२२च्या मे महिन्यात पाहिलं. संभाजीराजे छत्रपतींनी राज्यसभेची सहावी जागा अपक्ष लढवण्याचं जाहीर केलं होतं. सहा जागांसाठी कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, जवळपास ४२ आमदारांची. शिवसेनेनं पक्षात येण्याची अट घातली, ती त्यांनी मान्य केली नाही आणि अखेर ते रिंगणात उतरलेच नाहीत. रायगडावरच्या शिवराज्याभिषेक सोहळ्याला गर्दी उसळते, पण त्या गर्दीतल्या एकालाही या निवडणुकीत मत नव्हतं.

म्हणून एखादा माजी सैनिक किंवा उद्योजक 'अपक्ष' म्हणून राजकारणात येतोय असं ऐकलं, की मी आधी विचारतो, कोणतं सभागृह? लोकसभेला उभा राहणारा हरला तरी लोकांसमोर हरतो आणि जिंकला तर पाच वर्षांनी पुन्हा त्यांच्याच दारात जातो. माझा आदर त्या वाटेला आहे, मग अनामत जावो. राज्यसभेच्या अपक्षाला सहा वर्षं मिळतात आणि सामान्य मतदाराला त्याला घरी बसवता येत नाही.

निवडून आल्यावर मात्र एक नियम दोघांना सारखाच लागू होतो. अपक्ष म्हणून आलेला खासदार नंतर एखाद्या पक्षात गेला, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, तो अपात्र ठरतो. सहा महिन्यांची सवलत आहे ती फक्त राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांना.