वळवाचं पाणी

बेळगाव भागात पूर म्हटला की लोकांना ऑगस्ट आठवतो. २००५ साली कृष्णाकाठ बुडाला तो पूर, नाहीतर २०१९ चा, जेव्हा मार्कंडेय, घटप्रभा आणि मलप्रभा एकदमच फुगल्या आणि गोकाक-रामदुर्गात घरं पाण्याखाली गेली. धरणातून किती क्युसेक सोडलं, कुठल्या पुलावर पाणी आलं, हे त्या दिवसांत शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. एप्रिल-मेच्या वळवाचं तसं नाही. तो तासाभरात येतो, गल्लीत गुडघाभर पाणी करतो, झाडं पाडतो, एखाद्या शिवारात जीव घेतो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की विषय संपतो. नदीची पातळी त्यानं हलत नाही, म्हणून त्याची नोंदही कुणाच्या मनात राहत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या पूरतयारीतली सगळ्यांत मोठी चूक हीच आहे.

वळून येतो तो वळीव, असं जुनी माणसं सांगतात. मोसमी पाऊस चोर्ला-कणकुंबीच्या बाजूनं, म्हणजे पश्चिमेकडून येतो. वळवाचं आभाळ बहुतेक वेळा पूर्वेकडं भरतं. भरणी, कृत्तिका, रोहिणी ही त्याची नक्षत्रं. जूनच्या ७-८ तारखेला मृग निघाला की त्याचं राज्य संपतं.

मार्चपासून दख्खनचं पठार तापत जातं. विदर्भ-मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकावरून थेट तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा या दिवसांत वरचेवर तयार होतो आणि दोन्हीकडचे वारे त्याच्याकडं ओढले जातात. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकलेलं. सकाळभर तापलेल्या या जमिनीवर दुपारनंतर समुद्राकडचा दमट वारा घाट चढून पोचतो. मग तीन-चारच्या सुमाराला ढग उभाच्या उभा वाढतो, दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत. एवढ्या उंचीवर पाणी गोठतं, गारा धरतात, आणि वजन पेलेनासं झालं की सगळं एकदम खाली येतं. पावसाआधी पत्रे उडवणारा जो वारा सुटतो, तो याच कोसळणाऱ्या थंड हवेचा. ढगाचा घेर लहान असल्यामुळं कडोलीत धो धो आणि उचगावात थेंब नाही, असंही होतं.

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत फार विषम आहे. कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर, अथणीला जेमतेम पाचशे-सहाशे. वळीव मात्र हा भेद मानत नाही. खानापूरच्या रानाला जसा झोडपतो तसाच अथणी-रायबागच्या माळालाही.

शेतकऱ्याला हा पाऊस हवाच असतो, हे विसरून चालणार नाही. दोन चांगले वळीव झाल्याशिवाय नांगरटीची ढेकळं फुटत नाहीत, आणि बेळगाव-खानापूर भागातली भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे मोसमी पावसाआधी कोरड्या रानात केलेली पेरणी, याच मशागतीवर उभी असते. पण त्याच पावसानं वीटभट्टीवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं. एका मेमध्ये संध्याकाळी गावाबाहेरच्या भट्टीवर गेलो होतो. वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या ओळींवर ताडपत्री टाकायला माणसं धावली. चार कोपरे चौघांनी धरले, तरी वाऱ्यानं ती हातातून ओढून नेली. पंधरा मिनिटांत विटांच्या कडा गळाल्या, मग ओळी खचल्या, आणि शेवटी नुसता लालसर चिखल उरला. हजारी दरानं विटा थापणाऱ्या बाईनं त्यातली एक उचलून पाहिली. ती तिच्या बोटांतून निसटली.

शहरातलं पाणी ही तुलनेनं अलीकडची गोष्ट. बळ्ळारी नाला येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातून वाहत जाऊन मार्कंडेयला मिळतो. हे शिवार सखल, काळ्या मातीचं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला वळीव त्या भेगांतच मुरतो. पूर्वी म्हणूनच मे महिन्यात नाल्याची भीती नसायची. पुढं वसाहती वाढल्या, गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या, चौपदरी महामार्गाचा भराव शिवारातून आडवा गेला. पाणी मुरायची जागा आकसली. शिवाय उन्हाळाभर नाल्याला जोराचं पाणी नसतं, त्यामुळं गाळ, झुडपं, प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा सगळं त्यात साठलेलं. वळवाचा पहिला लोंढा हे सगळं घेऊन रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडतो. म्हणून दिवसभराच्या श्रावणसरींना न तुंबणारी गल्ली मेमध्ये पाऊण तासात तुंबते.

आपली परंपरेची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, म्हणजे ऐन वळवाच्या दिवसांतली. त्यानंतर रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक म्हणजे रस्त्यावर हजारो माणसं, विजेच्या तारा, उंच सांगाडे. कार्यकर्त्यांचं निम्मं लक्ष आभाळाकडं असतं, आणि ते असायलाच हवं.

वीज पडून देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं दगावतात. त्यात शेतात काम करणारी, गुरं राखणारी आणि झाडाखाली आडोशाला थांबलेली माणसं पुष्कळ असतात. इशारा देणारी व्यवस्था हळूहळू उभी राहिली. कर्नाटकानं १९८८ मध्ये दुष्काळावर लक्ष ठेवायला कक्ष काढला, त्यातूनच पुढं राज्याचं नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झालं. ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसले. विजेच्या इशाऱ्यासाठी राज्याच्या याच केंद्राचं ‘सिडिलु’ आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अशी ॲप आली. पण शिवारात फोन बांधावर पिशवीत असतो आणि हात कामात.

२०२५ च्या मे महिन्यानं जुने अंदाज मोडले. राज्यात मेमध्ये सरासरी ७४ मिलीमीटर पाऊस होतो, त्या वर्षी २१९ झाला. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. वळीव कुठं संपला आणि मोसमी पाऊस कुठं सुरू झाला, हे कळलंच नाही. धूळवाफेसाठी रान कोरडं मिळेना, पेरणीजोगा वाफसा येईना. नालेसफाई आपल्याकडं नेहमीप्रमाणं मेअखेरीस धरलेली असते. उपसलेला गाळ काठावरच टाकतात, सुकला की उचलू म्हणून. त्या मेमध्ये तो सुकलाच नाही. पुढच्याच पावसात पुन्हा नाल्यात उतरला.