उड्डाणपूर्व इंधन तपासणी (प्रशिक्षण विमाने)

विमानाच्या टाक्यांतील इंधनात पाणी, गाळ किंवा चुकीचे इंधन मिसळलेले नाही, याची उड्डाणाआधी खात्री करून घेण्याची पद्धत. प्रीफ्लाइटच्या फेरीत पंख, चाके, इंजिन ऑइल असे बरेच काही पाहिले जाते. पण जराही घाई चालत नाही ती इथे. एका इंजिनाच्या विमानात इंजिनाला पाणी पोचून शक्ती गेली आणि तीही धावपट्टी सोडताच, तर सावरायला उंची नसते.

विदर्भात वैमानिकांचे प्रशिक्षण गोंदियाजवळच्या बिरसीत चालते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही धावपट्टी धानाच्या मुलखात आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, टाकीच्या झाकणाचे रबर कडक होऊन चिरते आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपते. अर्धवट भरलेली टाकी रात्रभर उघड्यावर राहिली, तर आतल्या हवेतल्या वाफेचे गार पत्र्यावर पाणी होऊन ते इंधनात उतरते. म्हणून शेवटच्या उड्डाणानंतर टाक्या भरून ठेवणे केव्हाही चांगले.

एव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, लिटरला सुमारे ०.७२ किलो भरते, त्यामुळे पाणी तळाशी बसते. तिथल्या झडपांतून पारदर्शक कपात नमुना काढतात. सेसना १७२ या प्रशिक्षण विमानाच्या आर आणि एस प्रकारांत अशा १३ जागा आहेत. नमुना सकाळी, विमान हलवण्याआधी घ्यावा. इंधन भरल्यावर तो पुन्हा घ्यायचा, मात्र पाणी खाली बसायला वेळ देऊन. ढवळलेल्या टाकीतला स्वच्छ नमुना काहीच सिद्ध करत नाही.

१००एलएल या प्रकारचे एव्हगॅस निळसर असते आणि त्याखाली पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. फसगत होते ती पूर्ण कप पाण्याने भरल्यावर: मध्ये रेषाच नसते, नमुना नितळ वाटतो. तेव्हा कप पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून रंग पाहावा, वास घ्यावा. पाणी निघतच राहिले तर विमान उभे ठेवून इंजिनिअरला बोलवायचे.

डायमंड डीए४० हे प्रशिक्षण विमान पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांत येते; डिझेलवाल्याला जेट ए-१ हे रॉकेलसारखे जेट इंधन लागते. हे जेट इंधन चुकून पेट्रोल इंजिनाच्या टाकीत गेले, तर नळ्यांत उरलेल्या एव्हगॅसवर इंजिन सुरळीत चालू होते आणि बिघाड पुढे हवेत होतो. शंका आल्यास थेंब कागदावर टाकावा: एव्हगॅस उडून जाते, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो.

व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा येऊ देणाऱ्या नळीतला अडथळा मात्र कपात दिसत नाही. कुंभारीण माशी या नळीत चिखलाचे घर करते; मग टाकीत हवा शिरत नाही आणि इंधन असूनही इंजिन उपाशी राहते. तोंडाशी माती दिसली तर काडीने कोचू नये, ती आत ढकलली जाते. नळी इंजिनिअरकडूनच साफ करून घ्यावी.