लग्नाची सीडी चालतेय तोवरच

(घरी, स्टुडिओत किंवा आमच्याकडे राइट केलेल्या सीडी-डीव्हीडी ज्यांच्या कपाटात आहेत, त्या सर्व ग्राहकांसाठी)

गेल्या चतुर्थीच्या आधी सावईवेऱ्याच्या एक वहिनी लग्नाची डीव्हीडी घेऊन फोंड्याला आमच्या दुकानात आल्या. लग्न २००६ सालचे. "मंगलाष्टकांपर्यंत छान चालते हो, सप्तपदीला अडकते आणि पुढे टीव्हीवर नुसते चौकोन," म्हणाल्या. त्यांना हवी होती ती पाठवणी. तिथे त्यांचे वडील दोन शब्द बोलले होते आणि तो आवाज घरात दुसरा कुठेच नव्हता.

डिस्क शेवटाकडे अडकते, यामागे कारण आहे. सीडी-डीव्हीडीवरची माहिती मधल्या भोकाकडून कडेकडे लिहीत नेतात. त्यामुळे लग्नाची सुरुवात आतल्या बाजूला आणि पाठवणी अगदी काठावर. बोटे लागतात ती काठाला, दमट हवा शिरते ती काठातून, आणि राइट करताना डिस्क घाईने फिरवली असेल तर कच्चे लिखाणही बहुधा काठाजवळच होते. वहिनींची डिस्क आम्ही तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर, कमीत कमी वेगाने, पुन्हा पुन्हा वाचून पाहिली. पाठवणीचे चित्र तुटक मिळाले, चारेक मिनिटे गेलीच. वडिलांचे बोलणे मात्र बरेचसे हाती लागले. दोन वर्षे आधी आणली असती तर कदाचित सगळे मिळाले असते, ही खंत आम्हाला आहे. म्हणून हे पत्रक.

विकतची आणि राइट केलेली डिस्क वेगळी

सिनेमाची विकतची डिस्क कारखान्यात साच्यातून काढतात. तिच्यावरचे खळगे प्लास्टिकमध्येच ठसवलेले असतात, वर ॲल्युमिनियमचा मुलामा. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कमध्ये असे खळगे नसतात. तिच्यात रंगाचा एक अतिशय पातळ थर असतो आणि लेझर त्याला चटका देऊन जागोजागी खुणा करतो. डिस्क उलटी करून पाहा. खालची बाजू हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसली तर तो रंग याच थराचा. आपले लग्न, मुलाची मुंज, जत्रेतले नाटक हे सगळे त्या रंगात लिहिलेले आहे. आणि रंग म्हटला की तो उडणारच. खिडकीतल्या पडद्याचा उडतो तसाच, ऊन लागले की लवकर.

रंगाच्या मागे आरशासारखा चांदीचा थर असतो. सोन्याचा थर असलेल्या डिस्कही निघत, पण त्या महाग म्हणून आपल्याकडे फार कोणी घेतल्या नाहीत. दमट हवा आणि गंधकाचा अंश मिळाला की चांदी काळवंडते, हे देवघरातली उपकरणी घासणाऱ्याला सांगायला नको. डिस्कमधली चांदी मात्र घासता येत नाही.

सीडीची एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरची, नाव लिहायची बाजू टेबलावर घासू देतो. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर आणि ती जवळजवळ सगळी खालच्या बाजूचे प्लास्टिक. रंग आणि चांदी वरच्या बाजूला, फक्त वार्निशच्या पातळ थराखाली. खालचा ओरखडा पॉलिश करून अनेकदा जातो, पण वरून चांदी खरवडली गेली की तिथली माहिती कायमची गेली. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. सबंध डिस्क थोडी पारदर्शक दिसणे काही जातींत साहजिक आहे, पण सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथली चांदी उडालेली आहे. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि लिखाण मधोमध असते. म्हणून वरचा ओरखडा ती सोसते. तिचे दुखणे म्हणजे त्या चिकटवलेल्या जोडाची कड. डीव्हीडी वाकवून केसमधून ओढून काढू नका. मधली कळ दाबा, मग ती आपोआप सुटते.

"कालपर्यंत चालत होती"

हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि ते खरे असते. पोथीतली दोन-चार अक्षरे कसरीने खाल्ली तरी वाचणारा ओळ पुरी करतो. प्लेअरही तेच करतो. प्रत्येक डिस्कवर चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती लिहिलेली असते आणि तिच्या आधारे प्लेअर गाळलेल्या जागा भरून काढतो. आपल्याला पडद्यावर काहीच कळत नाही. रंग वर्षानुवर्षे फिका होत असतो, चुका वाढत असतात आणि चित्र तसेच स्वच्छ दिसत असते. मग एके दिवशी दुरुस्तीची ताकद संपते आणि चौकोन सुरू होतात. टीव्हीवर चालते म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, असे म्हणूनच समजू नका. ती आज चालते याचा अर्थ एवढाच की कॉपी करायला आजचा दिवस चांगला आहे.

गोव्याची हवा

परदेशातल्या मार्गदर्शिका सांगतात की डिस्क वीस अंशांच्या आसपास आणि पन्नास टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चपला आणि चामड्याचे पट्टे हिरवे होतात. ते आकडे पाळायचे तर घरभर एसी लावून बसावे लागेल. तरीही पुष्कळ काही करता येते.

डिस्क कागदी किंवा मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून काढून कडक केसमध्ये घाला आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आतला छापील कागद काढून टाका, बुरशी आधी त्याला धरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डबा मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवशी भरा. भर पावसात भरलात तर दमट हवाच आत कोंडाल. रंग बदलणारे जेल असेल तर तो बदलल्यावर पुडीवरच्या सूचनेप्रमाणे गरम करून पुन्हा वापरा. डबा भिंतीला टेकलेल्या कपाटात, माळ्यावर किंवा टीव्हीमागे ठेवू नका. घराच्या मधल्या खोलीत, अंधारात ठेवा. शालूच्या घडीत डिस्क ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. तिथल्या डांबराच्या गोळ्यांच्या वाफेने केसचे प्लास्टिक मऊ पडून चिकट होते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तासभरही डिस्क ठेवू नका.

बुरशीचा ठिपका दिसला तर मऊ सुती कपडा डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओला करून मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा लिखाणाच्या ओळीवरूनच धावतो आणि तो प्लेअरला सर्वांत जड जातो. नाव लिहायचे तर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने आणि तेही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन नकोच.

कॉपी कशी करावी

कितीही जपली तरी एकच डिस्क हा भरवसा नव्हे. डीव्हीडीची पूर्ण इमेज (म्हणजे सबंध डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल) किंवा तिच्यातले सगळे फोल्डर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवा. जागा वाचवायला लहान फाइल करू नका, ती बघण्यापुरती वेगळी करा. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावते, म्हणजे शंभर डिस्क पाचशे जीबीच्या आत. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरी आणि एक पणजी-मडगावला मुलाकडे. वर्षातून एकदा दोन्ही जोडून फाइली उघडून पाहा. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नका, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान झालेला असतो, त्याला प्रत समजू नका. घरात पडलेल्या जुन्या कोऱ्या डिस्कवर नवी कॉपी काढू नये, न वापरता तिचाही रंग म्हातारा होतो.

नाटक मंडळींना मुद्दाम सांगतो. जत्रेतल्या संगीत नाटकांची, कला अकादमीच्या स्पर्धेतल्या प्रयोगांची रेकॉर्डिंग अनेक गावांत एकाच माणसाच्या घरी, एकाच डिस्कवर आहेत. त्यातले कित्येक गाणारे आज नाहीत. ती डिस्क त्या घरची नाही, गावाची आहे. मंडळाने वर्गणी काढून कॉपी करून घ्यावी.

हॅंडीकॅमच्या छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डिस्क संगणकात कोऱ्या दिसल्या तर टाकून देऊ नका. पुष्कळदा त्या फायनलाइज करायच्या, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता येतील अशा कॅमेऱ्यातच बंद करायच्या, राहिलेल्या असतात. कॅमेरा घरात असेल तर सोबत आणा.

शेवटी आमची एक चूक. २००४ ते २००९ या काळात आम्ही लग्नाच्या डिस्कवर जोडप्याचा फोटो छापलेले गोल कागदी लेबल चिकटवून देत होतो. दिसायला सुंदर, म्हणून ग्राहक मागायचे आणि आम्हीही आनंदाने लावायचो. तो कागद ओल धरतो, फुगतो, एका बाजूने सुटतो, मग डिस्क ड्राइव्हमध्ये डगमगते. त्याचा गोंद वार्निशलाही त्रास देतो. असे लेबल असेल तर ते ओढून काढू नका, सीडीवरून त्याच्यासोबत चांदीच उचलली जाते. डिस्क जशी आहे तशी केसमध्ये घालून, पाऊस असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आमच्याकडे आणा. आमचे लेबल असलेल्या डिस्कची कॉपी करायचे आम्ही पैसे घेत नाही.