अंगावरून वारं गेलं, त्यानंतरचं घर

आमच्या अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांत पक्षाघात झाला की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. या शब्दांची मला भीती वाटते. वारं येतं आणि निघून जातं. त्यामुळे दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाचा हात जरा वर उचलायला लागला की आजार संपला असं सगळ्यांनाच वाटतं. माझे मोठे मामाही तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, ‘आते माले बरं शे, मंग गोया कसाले?’ (आता मला बरं आहे, मग गोळ्या कशाला?)

पण वारं गेलेलं नसतं. मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबाने जाड आणि अरुंद होत जातात. पुष्कळदा त्यातलीच एक बंद पडलेली असते, बाकीच्या तशाच असतात. म्हणून दर चार पक्षाघातांपैकी साधारण एक हा आधी एकदा झालेल्या माणसालाच होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह ३२ देशांतल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात असं दिसलं, की पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या दहा गोष्टींशी जोडलेला आहे. त्यात पहिला नंबर रक्तदाबाचा.

घरी सोडताना डॉक्टर सांगतात: मीठ कमी करा, तंबाखू बंद, रोज चाला, गोळ्या चुकवू नका. सगळं बरोबरच आहे. पण ठरवणं, लक्षात ठेवणं, जुन्या सवयीला आवर घालणं ही कामं मेंदूचा पुढचा भाग आणि त्याला आतून जोडणारे धागे करतात, आणि अनेकदा घाव तिथेच बसलेला असतो. शिवाय जवळजवळ तिघांतल्या एकाला नंतर नैराश्य येतं. अशा माणसाला ‘हे ऐकतच नाहीत’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नुसत्या सांगण्याने किती फरक पडतो, याची आपल्याच देशात मोठी चाचणी झाली. ‘स्प्रिंट इंडिया’त ३१ केंद्रांमधल्या ४,२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्या भाषेत मोबाइलवर संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका दिली. वर्षभरात औषधं नियमित घेणं आणि दारू सोडणं यांत सुधारणा दिसली. पुन्हा पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. मी याला अपयश म्हणणार नाही. वर्षाचा काळ थोडा आहे. पण माहिती माणसापर्यंत पोचली म्हणजे स्वयंपाकघर बदललं असं होत नाही.

स्वयंपाकघरच बदललं तर? चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर हे करून पाहिलं. त्यातल्या बहुतेकांना आधी पक्षाघात झालेला होता. निम्म्या गावांना असं मीठ दिलं, ज्यात सोडियम क्लोराइडचा चौथा हिस्सा काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं होतं. साधारण पाच वर्षांत त्या गावांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. तिथे कुणाच्या मनोनिग्रहावर भिस्त नव्हती, डब्यातलं मीठ बदललं होतं. (मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.)

आपल्या खान्देशी घरात मीठ लपलेलं असतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं मीठ तर दळणातच पडतं. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, आणि तोही सोडियमच. शेवभाजीत रश्शाचं मीठ वेगळं, शेवेचं वेगळं. वर ठेचा, लोणचं, बिबड्या (ज्वारीचे पापड). जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. मामींनी मामांसाठी वेगळं शिजवलं नाही. पूर्ण घराचंच मीठ हळूहळू उतरवलं, दळण बिनमिठाचं केलं आणि भरितावर लिंबू, कांद्याची पात, कोथिंबीर वाढवली. वेगळं ताट वाढलं असतं तर मामांनी ते आठ दिवसांत सरकवून दिलं असतं.

गोळ्यांचंही तसंच. ब्रिटनमध्ये पक्षाघात झालेल्या ६२ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. काहींना ‘अमुक वेळी, अमुक काम झालं की गोळी’ असं लिहून काढायला लावलं आणि औषधांविषयीचे त्यांचे गैरसमज दूर केले. त्यांनी ९७ टक्के गोळ्या वेळेवर घेतल्या, इतरांनी ८७ टक्के. मामांची गोळी आता चहापत्तीच्या डब्याशेजारी असते: दूध काढून झालं की गोळी, मग चहा. अशी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? लंडनमधल्या एका अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. तेव्हा दुसऱ्या महिन्यात कुरकुर झाली तर घाबरू नये.

चालणं आमच्याकडे उन्हाळ्यात उजाडतानाच, शेताच्या बांधापर्यंत. पारा ४४-४५ ला टेकतो तिथे दुपारी चालायला लावू नये.

सगळ्यांत अवघड गेली ती तंबाखू. चंची घरातून काढता येते, पण पारावर चौघे जण मळलेली चिमूट पुढे करतात. त्या चौघांशी मामांच्या मुलानेच जाऊन बोलणी केली. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते, तिथेही फोन केला.

आणि घरात सगळ्यांना पाठ असावं: तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, की लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं.

या मे महिन्यात बिबड्यांचा घाटा चुलीवर होता. मामींनी मिठाचा डबा मामांपुढे धरला, ‘किती घालू, तुम्हीच घाला.’ अजून थोडा थरथरणारा उजवा हात त्यांनी डब्यात घातला, अर्धी मूठ टाकली आणि झाकण लावलं.