घरगुती पाण्याचा दाब
घरातल्या नळाला किंवा शॉवरला पाणी किती जोराने येते हे ठरवणारा दाब, आणि तो घरच्या घरी कमी-जास्त करण्याचे उपाय. सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ बार (दाबाचे एकक) भरतो. प्लंबर त्यालाच ‘एक किलो’ म्हणतात.

कोल्हापूर शहराला भोगावती-पंचगंगेचे पाणी शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रांतून मिळत आले. २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचले. पण यातल्या कुठल्याच योजनेचा जोर बहुतेक घरांतल्या शॉवरपर्यंत येत नाही. पालिकेचे पाणी ठरल्या वेळी येते, हौदात पडते आणि मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढते. पुढे कारभार सगळा टाकीच्या उंचीचा.

म्हणून एकमजली बंगला दुमजली झाला की नव्या मजल्यावरच ‘पाण्याला फोर्स नाही’ अशी तक्रार सुरू होते. टाकीचा तळ स्लॅबपासून अर्धा मीटर वर आणि शॉवर स्लॅबच्या एक मीटर खाली असेल, तर टाकी तळाला गेल्यावर मधली उंची जेमतेम दीड मीटर, म्हणजे ०.१५ बार. खालच्या मजल्यावरच्या शॉवरला तीच टाकी ०.४५ बार देते, तिप्पट. पाचशे लिटरची टाकी काढून दोन हजारांची बसवली म्हणून दाब वाढत नाही. हा गैरसमज दुकानदारही फारसा खोडत नाहीत. टाकी एक मीटर उचलली तर ०.१ बार वाढतो, मात्र भरलेली हजार लिटरची टाकी एक टन भरते. तिचा ओटा बीम-कॉलमवरच यावा.

खर्चाआधी दोष कुठे आहे ते पाहावे. एकाच नळाची धार बारीक असेल, तर टाकीला हात लावण्याचे कारण नाही. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढावी. पावसाळ्यात गढूळ पाण्याबरोबर आलेली बारीक रेती तिथेच साठते. बोअरच्या पाण्यावरच्या घरांत शॉवरची भोके क्षाराने बुजतात. शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला की ती मोकळी होतात. बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून निघणारा छोटा बंद-चालू नळ) अर्धाच उघडा असणे हे तर नेहमीचे.

सगळेच नळ मंद झाले असतील तर टाकीखालचा व्हॉल्व्ह तपासावा. जुन्या गेट व्हॉल्व्हची आतली पाकळी दांड्यापासून सुटते. चाक फिरत राहते, पाणी मात्र अडलेलेच. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर जोर गेला असेल, तर पाईपात हवा धरलेली असते. त्यासाठी व्हॉल्व्हच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) जोडून हवेचा पाईप टाकीच्या झाकणापेक्षा उंच काढतात. अर्ध्या इंची पाईपवर दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर टाकले असेल, तर एक नळ उघडताच दुसरा मरतो. तिथे दाब कमी नसतो, घर्षण जास्त असते. टाकीपासूनचा मुख्य पाईप एक इंची करणे हाच इलाज.

एवढे करूनही भागले नाही तर टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाईपवर प्रेशर पंप बसतो. नळ उघडला की तो आपोआप सुरू होतो. जुने गंजके जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप असलेल्या घरात तो लावणे धोक्याचे, कारण इतकी वर्षे निमूट असलेले सांधे भिंतीच्या आत गळू लागतात.

उंच इमारतीत उलटा त्रास. बाराव्या मजल्यावरच्या टाकीचे पाणी खालच्या मजल्यावर साडेतीन बारच्या आसपास दाबाने येते, नळ आदळतात, फ्लशचे वायसर टिकत नाहीत. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावतात. त्याची लॉकनट सैल करून स्क्रू उजवीकडे फिरवला की दाब वाढतो, डावीकडे कमी होतो. एका वेळी पाव फेरा द्यावा, एखादा नळ क्षणभर सोडून बंद करावा आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पाहावा. घरगुती वापराला दोन-अडीच बार भरपूर झाले.

पालिकेच्या लाईनला थेट मोटर जोडणे हा मात्र दाब वाढवण्याचा मार्ग नव्हे. त्याला बंदी आहे, आणि त्या ओढीने फुटक्या सांध्यांतून गटारीचे पाणी आत खेचले जाऊ शकते. गल्लीच्या टोकाच्या घराला पाणी न मिळण्यामागे पुष्कळदा अशाच मोटरी असतात.